कायद्याची फूटपट्टी आणि नेमबाजाचं पिस्तूल

निगडी प्राधिकरणातल्या एखाद्या घरात टेबलावर दोन पिस्तुलं शेजारीशेजारी ठेवली, तर आलेल्या पाहुण्याला त्यांतला फरक पटकन सांगता येणार नाही. दोन्हींना पंजाच्या आकाराबरहुकूम कोरलेली लाकडी मूठ, दोन्हींवर हवी तशी जुळवता येणारी साइट. एक दाबलेल्या हवेवर चालतं आणि 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा फेकतं. दुसऱ्यात पॉइंट टू टूचं काडतूस जातं. पहिलं पाठीवरच्या बॅगेत घालून शाळकरी मुलगी आकुर्डीच्या रिक्षात बसते, ते खेळाचं साहित्य असतं. दुसरं परवान्याशिवाय घरात असणं हाच गुन्हा.

हा फरक आकड्यांत मांडला की कायद्याची बाजू कळते. दहा मीटरच्या एअर पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा सहा जूलच्या आतबाहेर भरते. पॉइंट टू टूची गोळी शंभर जूलच्या आसपास जाते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 20 जूलच्या आतलं, 4.5 मिलिमीटर छिद्राचं हवेचं हत्यार परवान्याच्या कचाट्यातून सुटतं. म्हणूनच पिंपरी-चिंचवडमध्ये नेमबाजीला लागणारी बहुतेक मुलं एअर पिस्तूल किंवा एअर रायफलनेच सुरुवात करतात. दहा मीटरची रेंज शाळेच्या सभागृहात मावते, गच्चीवरच्या शेडमध्येही मावते. गोळी अडवायला मातीचा बंधारा लागत नाही.

एअर पिस्तूल हे सोपं यंत्र आहे, असा मात्र समज नको. नियमाप्रमाणे त्याचं वजन दीड किलोपेक्षा जास्त नको, आणि ट्रिगर किमान 500 ग्रॅम भाराशिवाय सुटता कामा नये. स्पर्धेआधी पंच वजनाचं माप लावून तो तपासतात. उभं राहून, एका हाताने, कोपराला कशाचाही आधार न देता नेम धरायचा. दहा मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. मूठ हाताला नेमकी बसावी म्हणून नेमबाज तिच्यावर कानस चालवतात, लाकडाची भुकटी आणि लांबी भरून पुन्हा घासतात. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या बापाला हे काम लगेच समजतं. डायची फिटिंग करणारा हात पोरीच्या मुठीवर अर्धा मिलिमीटर काढतो, तेव्हा तो तिला प्रशिक्षकाइतकीच मदत करत असतो. पण हे मुठीपर्यंतच. नळीला हात लावायचा नाही. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं किंवा नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करणं शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 ने मना केलं आहे, आणि शस्त्र बनवण्याला वेगळा परवाना लागतो. लेथवर मायक्रॉनपर्यंत काम करणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवं.

मुलगी दहा मीटरवर चांगली तयार झाली की पुढची पायरी येते ती 25 मीटर स्पोर्ट पिस्तूलची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने हा प्रकार महाराष्ट्राला ओळखीचा केला. 2013 मध्ये कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात तिने सुवर्ण मिळवलं आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. या प्रकारात साठ गोळ्या असतात. तीस शांतपणे नेम धरून, आणि तीस अशा की लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद लपतं, आणि त्या तीन सेकंदांत हात वर आणून गोळी सुटायला हवी. त्यासाठी लागतं पॉइंट टू टूचं पाच काडतुसांचं पिस्तूल. ट्रिगर किमान एक किलोचा, वजन 1400 ग्रॅमपर्यंत, नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब नको, आणि सगळं पिस्तूल 30 सेंटिमीटर लांबीच्या पेटीत बसायला हवं. इथे शस्त्र अधिनियम 1959 सुरू होतो.

या कायद्याचं कलम 13 मी अनेकदा वाचलं आहे, आणि माझ्या मते भारतातल्या पिस्तूल नेमबाजीची सगळी अडचण त्याच्या तिसऱ्या उपकलमात आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने कोणाला परवाना दिलाच पाहिजे, हे तिथे सांगितलं आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत छिद्राची बंदूक मागणारा नागरिक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा. त्यानंतर मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य, त्याला सरावासाठी पॉइंट टू टूची रायफल किंवा एअर रायफल. बाकी सगळ्यांना ‘योग्य कारण’ दाखवून अधिकाऱ्याचं समाधान करावं लागतं. पॉइंट टू टूचं पिस्तूल या बाकीच्यांत मोडतं. तोच क्लब, तेच काडतूस, तोच नेमबाज. रायफल मागितली तर कायदा अधिकाऱ्याला बांधून ठेवतो, पिस्तूल मागितलं तर सगळं त्याच्या समाधानावर सोडतो.

भीती कशाची आहे हे उघड आहे. लांब नळीची बंदूक लपत नाही, पिस्तूल कमरेला खोचता येतं. ही भीती खरी आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात पोलिसांनी गावठी पिस्तूल पकडल्याची बातमी नवीन नाही. पण त्या गुन्ह्यांतलं हत्यार आणि मोठ्या लाकडी मुठीचं, कमरेला खोचताच येणार नाही असं टार्गेट पिस्तूल यांना कायद्याने एकाच खणात टाकलं, ते चूक झालं असं मला वाटतं.

इंग्लंडने याच भीतीपायी फूटपट्टीच हातात घेतली. 13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावातल्या प्राथमिक शाळेत एका माणसाने परवान्याने बाळगलेल्या पिस्तुलांनी 16 मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली. देश हादरला. 1997 मध्ये दोन कायदे झाले. पहिल्यात पॉइंट टू टूची पिस्तुलं क्लबमध्ये ठेवायची मुभा राहिली होती, सरकार बदलल्यावर दुसऱ्याने तीही गेली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 30 सेंटिमीटरपेक्षा कमी नळीचं किंवा एकूण 60 सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचं बंदुकीचं हत्यार बंदीत गेलं. हवेची हत्यारं आणि ठासणीची पिस्तुलं त्यातून सुटली. तिथल्या नेमबाजांनी मग कायद्याचं माप पाळणारं पिस्तूल घडवलं. नळी 30 सेंटिमीटरची, आणि एकूण लांबी भरावी म्हणून मुठीला मागे कायमचा जोडलेला दांडा, जो नेम धरताना हाताच्या पुढच्या भागालगत येतो. असं लांब नळीचं पिस्तूल पोलिसांच्या प्रमाणपत्रावर बाळगता येतं. त्यासाठी तिथेही ‘योग्य कारण’ दाखवावं लागतं आणि क्लबचं सदस्यत्व त्यात मोजलं जातं.

पण हे पिस्तूल घेऊन ऑलिम्पिकला जाता येत नाही. तिथल्या कायद्यात जे 30 सेंटिमीटरपेक्षा कमी असायला नको, ते आंतरराष्ट्रीय नियमात 15.3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असायला नको. दोन्ही मापं एकाच नळीत बसणं अशक्य. परिणामी ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागलं, आणि 2012 च्या लंडन ऑलिम्पिकसाठी सरकारला आपल्या मोजक्या खेळाडूंना खास परवानगी द्यावी लागली. डनब्लेनच्या आईबापांसमोर उभं राहून हा कायदा चूक होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. मात्र एका खेळाचा एक प्रकार त्या देशातून जवळजवळ उठून गेला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतून तर नेमबाजीच वगळली गेली, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका भारताला बसला.

आपला कायदाही इंग्रजी मातीतलाच. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. निगडीपासून हाकेच्या अंतरावरच्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, ते या कायद्याच्या सावलीत. स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा कायदा केला, तो 1962 मध्ये लागू झाला, आणि त्यातून वंशाचा भेद गेला. नागरिकाच्या हातातल्या आखूड हत्याराबद्दलचा संशय मात्र उतरला नाही.

तरीही भारताने इंग्लंडची वाट धरली नाही, आणि यासाठी मी आपल्या कायद्याचा आभारी आहे. आपण टार्गेट पिस्तुलावर सेंटिमीटरची अट घातली नाही; ते धरणारा हात तपासायचं ठरवलं. परवान्याचं वय 21, पण प्रशिक्षणात 12 वर्षांपासून ठरवलेल्या अटींवर हत्यार वापरायची सोय आहे. क्लबच्या नावावरचं पिस्तूल, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रेंजवर. त्या पिस्तुलावर गुण कमवायचे, राष्ट्रीय रायफल असोसिएशनने ठरवलेली किमान गुणसंख्या राष्ट्रीय स्पर्धेत गाठायची आणि ‘रिनाउन्ड शॉट’ व्हायचं. त्या दर्जावर परदेशी पिस्तूल आयात करण्याचा मार्ग खुला होतो.

2019 मध्ये ही घडी एकदा विस्कटली. दुरुस्ती विधेयकात एका माणसाकडे तीनऐवजी एकच शस्त्र राहील असं होतं. विरोध झाल्यावर ते दोन झालं, आणि 14 डिसेंबर 2019 पासून लागू झालं. परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच झाली. नेमबाजाला दोन शस्त्रं पुरत नाहीत. रॅपिड फायर आणि सेंटर फायर अशा प्रकारांना पिस्तुलंही वेगवेगळी लागतात. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अधिसूचना काढून ही चूक दुरुस्त केली. एका प्रकारातल्या रिनाउन्ड शॉटला आठ, दोन प्रकारांतल्याला दहा, त्याहून जास्त प्रकार असतील तर बारा जादा शस्त्रांची सूट मिळाली. उमेदीच्या आणि कनिष्ठ नेमबाजांना एकाऐवजी दोन मिळाली. काडतुसांचा कोटाही वाढला, आणि ते सर्वांत गरजेचं होतं. नुसते तीन पूर्ण सामने खेळले तरी 180 काडतुसं उडतात. सरावाचा हिशेब त्याहून कितीतरी मोठा.

ती काडतुसं येतात कुठून? निगडीच्या एका अंगाला देहूरोडचा लष्करी डेपो, दुसऱ्या बाजूला खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना. आपला सगळा पट्टा या उद्योगाच्या शेजारी वाढला. पण स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसांसाठी नेमबाज इंग्लंडची ईली किंवा जर्मनीची आरडब्ल्यूएस यांच्याकडे पाहतो. ती आयातीने येतात, त्यामुळे महाग पडतात, आणि कामगाराच्या घरातली मुलगी एअर पिस्तुलावरच थांबते, ती बऱ्याचदा याच खर्चामुळे.

रेंजची अडचण निगडीकरांना त्यामानाने कमी. रावेत-वाकडमार्गे बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल गाठता येतं. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेची नेमबाजी तिथेच झाली, आणि गगन नारंगच्या ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीची सुरुवात 2011 मध्ये तिथूनच झाली. दहा मीटरच्या पलीकडे जाणाऱ्या मुलांच्या घरी बालेवाडी हे नाव रोजचं होतं.

रेंज जवळ असली, तरी निवडणुका आल्या की परवानाधारकांना शस्त्रं जमा करायच्या नोटिसा येतात. नेमबाजाचा सराव त्यात महिनाभर बुडू शकतो. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलं, की सरसकट सगळ्यांकडून शस्त्रं जमा करून घेता येणार नाहीत. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायला हवा. नोटीस हातात पडताच क्लबचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडून लेखी अर्ज द्यावा, गप्प बसू नये.

15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हापासून निगडीच्या माणसाचा परवान्याचा अर्ज तिथे जातो. अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. पिस्तूल मागणाऱ्याने क्लबचं सदस्यत्व आणि गुणपत्रिका यांची फाइल भरभक्कम करावी, कारण कायद्याने त्याला रायफलवाल्यासारखा हक्क दिलेला नाही. हा हक्क द्यायला कलम 13 मध्ये मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याच्या रायफलशेजारी पॉइंट टू टूचं टार्गेट पिस्तूल घालावं लागेल, आणि ते संसदेनेच करायचं काम आहे. नेमबाजी संघटनांनी त्याचा पाठपुरावा करावा. तोवर अर्जदाराने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हे कलम 14 मध्ये लिहिलेलं आहे. चाकणच्या शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्याच्या मुलीलाही ते लागू आहे. आणि अर्ज नाकारला, तर कारणं लेखी मागावीत. त्यावर कलम 18 खाली अपील करता येतं, मुदत 30 दिवसांची.