रानभाजी ओळखणारी मुलं

रानभाज्यांना गेल्या काही वर्षांत चांगले दिवस आले आहेत. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. वर्तमानपत्रांत सदरं चालतात, पाककृतींची पुस्तकं निघतात आणि शहरातली माणसं आवर्जून विचारतात, ‘टाकळा आला का?’ हे सगळं हवंच आहे. पण या कौतुकात एक जण बहुतेक वेळा राहून जातो. टोपली घेऊन निघालेल्या आजीच्या मागे धावणारं मूल, ते हे.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म त्या मुलापाशीच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि घरच्या बियाण्याचं मोल सगळ्यांना पटलं. रानभाजीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिला कुणी पेरत नाही, तिचं बी मडक्यात राखेत घालून ठेवत नाही. तिची ओळख तेवढी जपता येते आणि ती ओळख माणसामाणसांतूनच पुढे जाते. ओळखणारं पुढचं माणूस तयार झालं, तर ते अन्न. नाहीतर डोंगरावरची एक वनस्पती.

वर्षाचा अभ्यासक्रम

मुलांचा रानात प्रवेश होतो तो फळांमुळे. चैत्र-वैशाखात करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर होतात. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. काट्यांतून हात कसा घालायचा, कच्च्या फळाचा चीक ओठांना कसा चिकटतो, लाल आणि काळं यांतलं खरं पिकलेलं कोणतं, हे सगळं त्या खेळातच कळून जातं. मागोमाग जांभळं, तोरणं, टेंभुर्णी, चारं.

पूर्व विदर्भात याच सुमारास मोह गळतो. फुलं पहाटे गळतात, म्हणून ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. मुलं अंधारातच आईबरोबर झाडाखाली पोचतात. रसरशीत, पिवळसर फुलं एकेक करून टोपलीत जातात आणि मग अंगणात वाळत पडतात. जागा साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची सवय कित्येक ठिकाणी आहे आणि उन्हाळी वणव्यांचं ते एक कारण आहे. ज्या घरात पाला झाडून बाजूला सारतात, तिथलं मूल फुलं वेचतानाच जंगल राखायला शिकतं.

मग पाऊस. वळवाच्या सरींनी शेवळं जमिनीतून डोकं काढतात. त्यानंतर टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात. कुलू म्हणजेच फोडशी, कुर्डू, भारंगीचा कोवळा पाला, दिंड्याचे कोंब, बांबूचे कोंब. आषाढ-श्रावणात कंटोळी आणि चाईचा मोहर. पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, हा रिवाज अनेक आदिवासी पाड्यांत आजही पाळतात. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून पांढरपेशा घरांतही त्या दिवशी नांगराविना उगवलेलं अन्न शिजतं. थंडीत कंद, बोरं, आवळे, चिंचा. वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही.

शेवळाची जुडी

मूल या शिक्षणात कसं वर चढतं, ते पाहण्यासारखं असतं. चार-पाच वर्षांचं मूल फळं ओळखतं. सात-आठ वर्षांचं झालं की टाकळा आणि कुर्डू त्याच्या हवाली करतात, कारण ते भरपूर उगवतात आणि नखाने खुडता येतात. फोडशी त्यापुढची. ती गवतातच उगवते आणि गवतासारखीच दिसते. लांब, मऊ पात्यांचा झुबका बुडाशी धरून पाहिल्याशिवाय ओळख पटत नाही आणि निवडताना मुळाकडचा पांढरा, चिवट भाग काढावा लागतो.

शेवळाला त्याहून मोठी समज लागते. हा सुरणाच्या जातकुळीतला कोंब. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेत, घशात रुततात आणि खाज सुटते. जुडी सोडली की आधी वरचं आवरण उतरवायचं. आतल्या दांड्यावरचा पिवळा, दाणेदार भाग कापून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून शिजवायचं आणि त्यात काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं त्याच दिवसांत झाडावर धरतात आणि बाजारातही शेवळांच्या शेजारीच मांडलेली असतात. ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात आगरी, वाडवळ, पाठारे प्रभू, सीकेपी अशा किती घरांत शेवळं कोलंबी, सोडे किंवा खिमा घालून होतात. चव घराघराची वेगळी. पण पिवळा भाग काढणं आणि आंबट घालणं कुणी चुकवत नाही.

आजी हे स्फटिकांचं शास्त्र सांगत नाही. ती नातीचं बोट धरून दाखवते, ‘इथवर काढायचं, याच्या खाली नको.’ छापलेल्या पाककृतीत ‘पिवळा भाग काढावा’ एवढंच येतं. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे समोर जुडी असल्याशिवाय कळत नाही.

आधी काय खायचं नाही

मुलांना रानात न्यायचं म्हटलं की आईवडिलांच्या मनात पहिली भीती येते ती विषाची. ती रास्त आहे. म्हणूनच पहिला धडा, विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही.

चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात, अशा बातम्या महाराष्ट्रातून पुन्हा पुन्हा येतात. ही झाडं बहुधा कुंपणाला लावलेली असतात, अगदी शाळेच्यासुद्धा. धोतरा, कण्हेर, गुंजेच्या लालकाळ्या बिया ही मुलांनी आधी ओळखायची नावं. कळलावीचं देखणं फूल सगळ्यांना आवडतं. तिचा कंद जीवघेणा असतो. पानाचं टोक वळून तणावा होतो, ही तिची खूण लहान मुलालाही दाखवता येते.

सगळ्यात सावध राहायचं ते टाकळा आणि कासविंदा यांच्या बाबतीत. दोघांची फुलं पिवळी, दोन्ही रस्त्याकडेला उगवणारी. टाकळ्याला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांची टोकं गोलसर असतात. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध संशोधकांनी २००७ मध्ये कासविंद्याच्या बियांशी जोडला. ओडिशातल्या मलकानगिरीत २०१६ साली झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही हेच झाड पुढे आलं. तिथे मुलं रानात होतीच. त्यांना कुणी हे झाड वेगळं करून दाखवलेलं असतं, तर काही जीव वाचले असते.

अळंबीचा नियम आणखी कडक हवा. वारुळावर येणारी अळंबी कोकणात आणि गोव्यात श्रावणातली मेजवानी मानतात. पण ती तोडणं मोठ्यांचं आणि जाणत्यांचं काम. मुलांनी ती दाखवावी, काढू नये. आणि एखाद्याने काही खाल्लंच, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. झाडाची फांदी सोबत घ्यावी आणि थेट दवाखाना गाठावा.

विषाचं हे शिक्षण आपल्याकडे एका सणाने पूर्वापार केलं आहे. गणपतीच्या पत्रीसाठी मुलं आघाडा, माका, डोरली, शमी शोधत हिंडतात आणि त्याच पत्रीत धोतरा, रुई, कण्हेरही असतात. पूजेला चालणारं आणि पोटात न चालणारं, असं दोन्ही एकाच सकाळी हाताळलं जातं. आता पत्रीचा तयार वाटा बाजारातून येतो आणि ती सकाळ हुकते.

किती घ्यायचं

रानातून घेण्याला मर्यादा असते आणि तीही चालताचालताच शिकवली जाते. टाकळा-कुर्डूचे शेंडे खुडायचे, रोप उपटायचं नाही. फोडशी कापायची, तिच्या मुळ्या जमिनीत राहू द्यायच्या. कंद खणला तर वेलाकडचा तुकडा परत मातीत पुरायचा. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे पकडायला मुलांना कोण उत्साह असतो. पण त्या माशांच्या पोटात अंडी असतात. सगळा ओढा अडवला तर पुढच्या वर्षी मासे चढायचे कुठून, हे आठ वर्षांच्या मुलालाही समजतं.

आता रानभाजीला शहरात भाव मिळतो. वाटे लावून बसणाऱ्या बायकांच्या हातात त्यामुळे चार पैसे येतात, ही चांगली गोष्ट. पण मागणी वाढली की मुळासकट उपटण्याचा मोहही वाढतो. घेणाऱ्याने मुळं लागलेली जुडी दिसली तर तसं बोलून दाखवावं.

बांधावरचं रान

रान म्हणजे केवळ जंगल नव्हे. घोळ, केना, पाथरी, तांदुळजा, चिवळ, आंबुशी यांचं घर शेतात आणि बांधावर. देशावरच्या, मराठवाड्यातल्या मुलांची रानभाजी हीच. १९७२ च्या दुष्काळात बरबड्याच्या बियांची भाकरी खाल्ल्याच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आहेत. हेच सारं आज तणनाशकाखाली येतं. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तरी घराजवळचा एखादा बांध फवारणीतून वगळता येतो. आणि फवारा मारलेल्या शेतातली भाजी खुडायची नाही, हा नियम मुलांना आता विषारी झाडांइतक्याच स्पष्टपणे सांगायला हवा.

रानभाजीने कुपोषण हटेल, असंही कुणी सांगू नये. जव्हार-मोखाड्यात किंवा मेळघाटात पावसाळा हा भुकेचा काळ असतो आणि रानभाजीचाही. पालेभाजीतून लोह, कॅल्शियम, तंतू मिळतात. धान्य, डाळ आणि तेलाची जागा ती घेत नाही. मुलाच्या ताटात सगळंच हवं.

रान कुणाचं, वेळ कुणाची

वनहक्क कायदा २००६ चा. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा वनवासी समाजाचा हक्क त्याने मान्य केला आणि त्यात कंदमुळंही येतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जिथे गावाला जंगल आपलं म्हणता येतं, तिथे आई मुलाला उजळ माथ्याने रानात नेते. जिथे हक्क कागदावरच आहे, तिथे भाजीची टोपलीही लपवावी लागते. शहरातल्या हौशी कुटुंबांनी उलट बाजू लक्षात ठेवावी. राष्ट्रीय उद्यानातून पानही तोडायचं नसतं आणि दुसऱ्याच्या जगण्याचं रान ही आपल्या सहलीची जागा नाही. तिथे जायचं तर गावच्या माणसाला विचारून, त्याच्या सोबतीने.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे आणि तो मला अधिक छळतो. आश्रमशाळा जूनमध्ये उघडतात. नेमकी शेवळं, टाकळा, फोडशी उगवण्याच्या दिवसांत आदिवासी मूल घरापासून लांब, वसतिगृहात असतं. दिवाळीनंतर पालघर-रायगडची अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. शिक्षण नको असं कोण म्हणेल? पण वर्षातला रानाचा सगळा काळ मुलाच्या वाट्यातून गेला, तर आजीकडचं ज्ञान आजीपाशीच संपणार.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे. अनेक शाळांत आज परसबागा आहेत. त्याच धर्तीवर प्रत्येक आश्रमशाळेने पावसाळ्यात दर आठवड्याला एक सकाळ रानासाठी ठेवावी आणि गावातल्या जाणत्या बाईला मानधन देऊन शिक्षिका म्हणून बोलवावं. मुलांनी आणलेली भाजी त्याच दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या देखरेखीखाली शिजावी. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ती बाहेरच्या माणसाकडून भरून घेण्याऐवजी मुलांकडून भरून घ्यावी. झाडाचं गावातलं नाव, उगवण्याची वेळ, खायचा भाग, टाकायचा भाग, सारखं दिसणारं विषारी झाड आणि हे सांगणाऱ्या बाईचं नाव, असे रकाने असावेत. रानभाजी महोत्सवात पाककृतींच्या स्पर्धेइतकाच मान मुलांच्या ओळख-स्पर्धेला मिळावा.

या कामाला पैसा फार लागत नाही, परवानग्या फार लागत नाहीत. लागतात ती शिकवणारी माणसं आणि ती आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. म्हणून येत्या जूनची वाट न पाहता दिवाळीनंतरच्या ग्रामसभेतच हा विषय घ्यावा. कोण शिकवणार, कोणत्या सकाळी, मानधन किती, हे ठरवून घ्यावं. मग मृग लागेल तेव्हा मुलं आणि आज्या दोघंही तयार असतील.