तरुण वेगवान गोलंदाजांचे मूल्यमापन : एक भाषिक विचार

क्रीडासमीक्षेची भाषा हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे एखाद्या विधानावर विशीतल्या तरुणाची निवड, त्याच्या शरीरावर पडणारा भार आणि पुष्कळदा त्याचे सारे भवितव्य अवलंबून असते, तेथे त्या विधानाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न किरकोळ राहत नाही. भारतातील तरुण वेगवान गोलंदाजांविषयी जे बोलले व लिहिले जाते, त्यात ‘फॉर्म’ आणि ‘क्षमता’ ह्या दोन कल्पनांची वारंवार गल्लत होते. ती कशी होते व मराठीच्या क्रियापदव्यवस्थेच्या साहाय्याने ती कशी उकलता येते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुढील चार वाक्ये पाहावीत : (१) तो वेगाने चेंडू टाकतो आहे. (२) तो वेगाने चेंडू टाकतो. (३) त्याला वेगाने चेंडू टाकवतो. (४) तो वेगाने चेंडू टाकू शकेल. पहिले वाक्य चालू अवस्था सांगते. दुसरे रीती, म्हणजे स्थिर झालेली सवय सांगते. तिसऱ्यात आपल्या व्याकरणकारांनी ‘शक्य’ म्हणून ओळखलेले क्रियापद आहे. ‘त्याला जिना चढवतो’ ह्या परिचित उदाहरणाप्रमाणे येथे कर्त्याच्या अंगी ते करण्याचे बळ आहे की नाही, एवढेच सांगितले जाते. चौथे वाक्य संभाव्यतेचे आहे. ह्या चारही वाक्यांतील शब्द जवळजवळ तेच असले, तरी प्रत्येक वाक्य खरे ठरविण्यास लागणारा पुरावा मात्र निराळा आहे. मूल्यमापनातील बहुतेक चुका एका वाक्याचा पुरावा दुसऱ्या वाक्यासाठी वापरल्याने होतात.

प्रथम पहिल्या वाक्याचा विचार करू. फॉर्म ही चालू अवस्था होय. मराठी क्रीडावृत्तांत तिला ‘सूर गवसणे’ व ‘सूर हरपणे’ असे म्हणतात, आणि हा वाक्प्रचार अर्थदृष्ट्या मोठा सूचक आहे. जे मुळात असते तेच हरपते आणि तेच पुन्हा गवसते. म्हणजे सूर हरपल्याच्या विधानात क्षमता गृहीतच धरलेली असते. ती नाकारलेली नसते. वेगमापक यंत्राचा आकडाही ह्याच पहिल्या वाक्याचा पुरावा आहे. हातातून सुटलेल्या एका चेंडूचा वेग ते यंत्र सांगते, ह्यापलीकडे काही सांगत नाही. २०२२ च्या आयपीएलमध्ये उमरान मलिकने २७ एप्रिल रोजी गुजरातविरुद्ध २५ धावांत ५ बळी घेतले. पुढे ५ मे रोजी दिल्लीविरुद्ध त्याने ताशी १५७ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला. परंतु त्या सामन्यात त्याला एकही बळी मिळाला नाही. एका आठवड्याच्या अंतराने आलेल्या ह्या दोन दिवसांवरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता आले असते. दोन्ही ‘टाकतो आहे’पुरते खरे ठरले असते, ‘टाकतो’ म्हणण्यास दोहोंपैकी एकही पुरेसा नव्हता.

दुसऱ्या वाक्यासाठी लागणारा पुरावा अर्थातच विस्तृत असतो. निरनिराळ्या खेळपट्ट्या, जुना व नवा चेंडू, डावरे व उजवे फलंदाज, चार षटकांचा सामना व पाच दिवसांचा सामना, ह्या सर्व परिस्थितींत टप्पा व दिशा टिकते काय, हे पाहावे लागते. चार षटकांच्या खेळात ज्याची रीत सिद्ध झाली, त्याची कसोटीतील रीत आपोआप सिद्ध होत नाही. तशीच ती असिद्धही होत नाही. जसप्रीत बुमराहने २०१६ च्या जानेवारीत मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पदार्पण केले आणि कसोटीत तो २०१८ च्या जानेवारीत, केप टाऊन येथे उतरला. आखूड रनअप व अपारंपरिक शैली ह्यांमुळे तो दीर्घ सामन्यांत टिकेल काय, अशी शंका अनेकांस होती. २०२४ च्या डिसेंबरात त्याने कसोटीतील दोनशे बळी पूर्ण केले, तेव्हा त्याची सरासरी विसाच्या आत होती. ह्या टप्प्यावर अशी सरासरी राखणारा तो पहिलाच गोलंदाज होय.

तिसरे वाक्य सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे, आणि तरुणांच्या बाबतीत तेच सर्वांत अधिक महत्त्वाचे आहे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यावर येतो. त्याच क्षणी कंबरेचा मणका मागे वाकतो, बाजूस झुकतो व पिळला जातो. कंबरेच्या मणक्यातील अस्थी पूर्णपणे पक्व होण्यास विशीचा मध्य उजाडावा लागतो. त्यामुळे ज्या वयात वेग प्रथम डोळ्यांत भरतो, नेमके त्याच वयात स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका सर्वाधिक असतो. २०१८ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात कमलेश नागरकोटीच्या वेगाने सर्वांचे लक्ष वेधले. त्यानंतरचे दोन आयपीएल हंगाम दुखापतींमुळे त्यास मुकावे लागले. मयंक यादवने ३० मार्च २०२४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात ताशी १५५ किलोमीटरचा वेग ओलांडला; परंतु दुखापतीमुळे त्या हंगामात त्याला चारच सामने खेळता आले. हे दोघेही वेगाने चेंडू ‘टाकत’ होते, ह्यात शंका नाही. हंगामभर त्यांना तो ‘टाकवतो’ काय, हा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचे उत्तर वेगमापकावर नव्हते. ते तिसऱ्या स्पेलमध्ये, चौथ्या दिवशीच्या वेगात, दोन सामन्यांमधील विश्रांतीत आणि शैलीच्या शरीरशास्त्रीय परीक्षणात शोधावे लागते.

राहिले चौथे वाक्य. संभाव्यता म्हणजे आजच्या गुणांची नुसती बेरीज नसते. तिचा खरा पुरावा बदलण्याच्या सामर्थ्यात असतो. येथे दोन कारकीर्दी शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. श्रीरामपूरचा झहीर खान २००० साली भारताकडून खेळू लागला आणि २००६ मध्ये संघाबाहेर गेला. त्या उन्हाळ्यात त्याने वूस्टरशायरकडून प्रथम श्रेणी सामन्यांत ७८ बळी घेतले व वर्षअखेरीस तो संघात परतला. पुढील वर्षी इंग्लंडमधील मालिका जिंकून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. इशांत शर्माने २००८ च्या जानेवारीत, एकोणिसाव्या वर्षी, पर्थ येथे रिकी पाँटिंगला सतावले. त्यानंतरची कित्येक वर्षे मात्र त्याच्या आकड्यांनी ती आशा पुरी केली नाही. २०१८ मध्ये ससेक्सकडून खेळताना जेसन गिलेस्पीच्या मार्गदर्शनाखाली त्याने टप्पा अधिक पुढे आणला, आणि कारकिर्दीचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून सरस ठरला. कसोटीत दोघांच्याही नावावर प्रत्येकी ३११ बळी आहेत. कोणत्याही मधल्या वर्षी केवळ आकडे पाहून निर्णय दिला असता, तर तो बहुधा चुकला असता.

ह्याच्या उलट उदाहरण इरफान पठाणचे आहे. २००६ च्या जानेवारीत कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात त्याने सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. २००८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आपली शेवटची कसोटी खेळला. त्याची कारणे अनेक सांगितली जातात व त्यांचा निवाडा येथे करावयाचा नाही. पहिल्या वाक्याचा पुरावा कितीही झळझळीत असला, तरी त्यावरून चौथे वाक्य सिद्ध होत नाही, एवढेच ह्या उदाहरणावरून दिसते.

ह्या विवेचनावरून परीक्षकाने पाळावयाची एक साधी शिस्त सुचते. तरुण गोलंदाजाविषयी मत देताना आपण चारांपैकी कोणते वाक्य उच्चारीत आहोत, हे आधी ठरवावे, आणि पुरावा त्याच वाक्याचा द्यावा. ‘ह्या महिन्यात तो उत्तम टाकतो आहे, त्याची रीत अद्याप ठरलेली नाही, त्याला सलग दोन सामने टाकवत नाहीत, परंतु चूक दाखविल्यास तो आठवड्यात ती सुधारतो’ हे मत ‘भारताचा उद्याचा तेज गोलंदाज’ ह्या बिरुदाहून कमी आकर्षक आहे खरे. परंतु त्यापासून निवडकर्त्यास काय करावे हे कळते, शिक्षकास काय शिकवावे हे कळते, आणि त्या तरुणाचा मणका पक्व होण्यास अवधी मिळतो. बिरुदाने ह्यांतील एकही गोष्ट साधत नाही. उलट सूर हरपला की तेच बिरुद आरोपपत्र होऊन त्याच्यापुढे ठेवले जाते.