चेनसॉ अचानक अंगावर का उसळतो? झाड कापण्याआधी या गोष्टी समजून घ्या

वळवाचं वारं सुटलं की बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यासारख्या गावांत बांधावरच्या बाभळी आणि लिंबाच्या फांद्या मोडून पडतात. जिथे पूर्वी कुऱ्हाड चालायची, तिथे आता कटर मशीन म्हणजेच चेनसॉ चालतो. काम झटपट होतं, पण या मशीनची साखळी सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने फिरते. चूक झाली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

मशीन उसळतं कशामुळे?

साखळी पट्टीच्या वरच्या बाजूने पुढे जाते आणि टोकावरून खाली वळते. टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर दात अडकतात आणि पट्टी झटक्यात वर, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. याला 'किकबॅक' म्हणतात.

म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळवून पकड घट्ट ठेवा. साखळीचा ब्रेक सुरुवातीलाच तपासा. खांद्याच्या वर मशीन उचलू नका आणि शिडीवर उभं राहून कापू नका.

अंगावर काय हवं?

हेल्मेट, चष्मा, कानाचं संरक्षण, जाड बूट आणि पायांसाठी चेनसॉची खास संरक्षक पँट. गळ्यातला रुमाल किंवा उपरणं आधी काढून ठेवा. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड हवं.

फांदी कशी कापायची?

थेट वरून कापली तर वजनाने फांदी मोडते आणि खोडाची साल सोलत जाते. त्यामुळे तीन काप घ्या. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून थोडाच. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून पूर्ण. शेवटी उरलेला खुंट कापा.

वादळात पडलेलं झाड जास्त धोकादायक का?

वाकून अडकलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. ताणाच्या बाजूने एकदम कापली तर ती सटकन उसळते. आधी दाबाच्या बाजूने छोटा काप घ्या, मग ताणाची बाजू हळूहळू कापा. फांदी जिकडे उसळेल तिकडे उभं राहू नका.

उभं झाड पाडताना बघ्यांना झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबवा. मागे तिरकं पळायची वाट आधीच मोकळी करा. एकट्याने काम करू नका.

तारेवर फांदी असेल तर?

हात लावू नका. महावितरणला १९१२ वर कळवा आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब राहा. कुणी जखमी झालं, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

परवानगी लागते का?

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, चंदन अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतात असली, तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे मशीन भाड्याने आणण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा.