उन्हाळी सेवा-सहली : अनुदानासोबत येणारी जबाबदारी

नवी दिल्ली : उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेरचा समाज जाणून घ्यावा आणि त्याच्या कार्यास हातभार लावावा, या हेतूने परदेशातील काही शाळा विद्यार्थ्यांना प्रवासासाठी अनुदान देतात. मात्र काही दिवसांच्या अशा भेटीला 'सेवा' कधी म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीतील पहाडगंजचे उदाहरण उपयुक्त ठरते.

नूतन मराठी विद्यालयामुळे पहाडगंज दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहे. त्याला लागूनच नवी दिल्ली रेल्वे स्थानक आहे. घर सोडून राजधानीत येणारी अनेक मुले याच स्थानकावर उतरतात. अशा मुलांसाठी काम करणारी 'सलाम बालक ट्रस्ट' ही संस्था मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!' या १९८८ मधील चित्रपटाच्या प्रेरणेतून उभी राहिली. ख्यातनाम छायाचित्रकार विकी रॉय याच संस्थेत वाढले.

संस्थेतर्फे पहाडगंज परिसरात मार्गदर्शित पदभ्रमंती आयोजित केली जाते. एकेकाळी रस्त्यावर राहिलेले तरुण पाहुण्यांना या भागाची ओळख करून देतात. येथे पाहुणा शिकणारा असतो आणि अनुभव घेतलेला तरुण शिकवणारा. मिळणाऱ्या शुल्काचा उपयोग संस्थेच्या कार्यासाठी होतो.

अशा भेटींना कायद्याचीही चौकट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार रस्त्यावर राहणारे बालक 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. त्याची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ प्रतिबंध करते. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे अनुदानाच्या अहवालात अशा मुलांची छायाचित्रे जोडण्याचा मोह शाळांनी टाळणे आवश्यक आहे.

भारतात विद्यार्थी सेवेची रचना वेगळी आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावात किंवा वस्तीत होते. एकाच वस्तीशी संबंध टिकल्याने एका तुकडीचे अपुरे काम पुढची तुकडी हाती घेऊ शकते.

आठवड्याभरासाठी आलेल्या विद्यार्थ्याला हे सातत्य साधणे शक्य नसते. मुलांना माणसे जोडली जातात आणि लगेच दुरावतात, ही त्यातील खरी हानी. म्हणून अल्पकालीन भेटीचा उद्देश शिक्षण हाच ठेवून मुलांची प्रत्यक्ष देखभाल प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडे सोपविणे हितावह ठरते. अनुदान मंजूर करताना शाळेने विद्यार्थी काय शिकणार, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो परतल्यानंतर तेथील मुलांच्या हाती काय उरणार, हेही विचारायला हवे.

संकटात सापडलेले बालक आढळल्यास १०९८ या निःशुल्क बाल साहाय्य क्रमांकावर कळविता येते.