नाका गेला, तर मोर्चा कुठे न्यायचा?

‘जेवढे चालाल तेवढेच भरा’ ही टोलची कल्पना कागदावर कुणालाही पटेल. पण कोल्हापूरच्या गाडीवाल्याला ती सांगायला गेलात, की तो आधी रस्त्याचे विचारतो आणि दराचे नंतर. त्याला कारण आहे.

शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते २२० कोटींच्या प्रकल्पातून खासगी कंपनीने बांधायचे आणि ३० वर्षे टोल घ्यायचा, असा करार महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी यांच्यात झाला होता. शिरोली, उचगाव, कळंबा, फुलेवाडी असे शहराच्या वेशीवर नऊ नाके उभे राहिले. शहराबाहेरून बाजारासाठी किंवा दवाखान्यात येणाऱ्याने आत अर्धा किलोमीटर गाडी चालवली काय किंवा दहा चालवली काय, पावती तेवढ्याच रकमेची. अंतराचा आणि पैशाचा काही संबंधच नव्हता.

शिवाय काम अर्धवट आणि निकृष्ट असल्याची तक्रार होतीच. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे, निवास साळोखे या नेत्यांसह सर्वपक्षीय कृती समिती रस्त्यावर उतरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये जमावाने नाके पेटवले. पुढे न्यायालयात तारखा पडत राहिल्या. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनीला द्यायची चारशे कोटींहून अधिक भरपाई सरकारी तिजोरीवर पडली. म्हणजे नाक्यावर वाचलेला पैसा करदात्याच्याच खिशातून गेला. विजयाच्या जल्लोषात हा भाग फारसा कुणी मोजला नाही.

आता पुणे-बंगळूर महामार्गाकडे या. कोल्हापूरहून वाठारपर्यंत महामार्गाने गेले तर टोल शून्य. तिथून थोडे पुढे, किणीचा नाका ओलांडून इस्लामपूरला गेले, की पूर्ण पावती. नाक्याच्या कोणत्या बाजूला तुमचे काम आहे, यावर सगळे ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून उपग्रहाधारित वसुलीची वाट मोकळी केली, ती हाच अन्याय दूर करण्यासाठी. गाडीत यंत्र बसवायचे, दिवसात एका दिशेने २० किलोमीटरपर्यंत शुल्क नाही आणि त्यापुढे गेल्यास प्रत्यक्ष अंतराचे पैसे. नॅशनल परमिटच्या गाड्यांना मात्र ही सवलत नाही. म्हणजे गूळ-साखर घेऊन परराज्यात जाणाऱ्या ट्रकचा मीटर पहिल्या किलोमीटरपासून चालू.

रोज शिरोली एमआयडीसीत जाणाऱ्या मोटारमालकाला यात तोटा दिसत नाही. तरी शंका उरते ती याच महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे आलेल्या वळणरस्त्यांची. ऑगस्ट २०२४ मध्ये काँग्रेसने किणी नाक्यावर आंदोलन केले, तेव्हा मुद्दा हाच होता: रस्ता धड नाही, तर टोल कशाचा? शिवाय पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर आधीच भरला जातो. जितके चालाल तितके इंधन जळते. म्हणजे किलोमीटरमागचा कर एका अर्थाने चालूच आहे, आणि टोलमाफी असलेला दुचाकीस्वारही तो भरतो.

विजेच्या गाड्या त्या करातून सुटतात, म्हणून जगभर सरकारे अंतराकडे वळत आहेत. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना अंतरावर शुल्क कित्येक दशके आहे; एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या. ब्रिटनने २०२८ पासून विजेच्या मोटारींना मैलामागे ३ पेन्स लावायचे जाहीर केले आहे. महाराष्ट्र तूर्त उलट्या दिशेने चालला आहे: ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोल माफ.

कोल्हापुरी मनाला खरे खुपेल ते वेगळेच. नाका ही वसुलीची जागा, तशीच जाब विचारायचीही. तिथे मोर्चा नेता येतो, अधिकाऱ्याला खाली बोलावता येते. खात्यातून गुपचूप कापल्या जाणाऱ्या पैशासमोर ठिय्या कुठे मारायचा?

तूर्त ती वेळ आलेली नाही. उपग्रह टोल देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाही, असा खुलासा केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये केला. त्याऐवजी त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून खासगी मोटारींना ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास मिळू लागला. त्यातही मोजणी नाक्यांचीच होते. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर करत पुण्याला जाऊन परत आले की आठ फेऱ्या संपल्या, इस्लामपूरला जाऊन आले की दोन.