गोरेपणाची ट्यूब आणि भाजणारे गाल

लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतून एक ट्यूब हमखास फिरू लागते. थोरलीने वापरली, मग तिच्या मैत्रिणीने, मग धाकट्या भावाने दाढीनंतर लावली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात आणि ती ट्यूब पावडरीसारखी रोजची होऊन जाते. बघायला आलेल्यांनी रंगावरून नाक मुरडले की तर विचारूच नका.

अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असतात. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेले मलम तर वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरायचे औषध आहे. ते गोरे होण्याचे क्रीम नव्हे.

असे मलम महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गाल तांबडे होऊन त्यांवर पुरळ येते. रोझेशिया या विकारात दिसते तसेच हे दिसते, म्हणून याला स्टेरॉइड रोझेशिया म्हणतात. मूळचा रोझेशिया बहुधा तिशीनंतर आढळतो. कॉलेजातल्या मुलामुलींत तसा चेहरा दिसला, तर आम्ही म्हणू, आधी ट्यूबची चौकशी करा. सावळ्या रंगावर तांबडेपणा चटकन कळत नाही. तेव्हा उन्हात किंवा गॅससमोर चेहरा भाजल्यासारखा होतो का, साबण लागताच चुरचुरतो का, हे विचारावे.

खरा फास पुढेच आहे. मलम बंद केले की काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ उसळते. मुलगी घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावते आणि लगेच बरे वाटते. मलम सोडल्यामुळे बिघडले असे तिला वाटते. बिघडलेले असते ते लावल्यामुळे. यातून बाहेर पडायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि तेवढे दिवस त्वचारोगतज्ज्ञ पाठीशी हवा.

2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी काउंटरवर काय मिळते ते आपण पाहतोच.

दरम्यान लिंबू, टूथपेस्ट, स्क्रब, वाफ, सगळे बंद. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन किंवा छत्री, एवढे पुरे. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात. मैत्रिणीने दिलेलीसुद्धा.