चार शीटांच्या सांध्यावरचे जंगल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीहून पूर्वेला, जरा दक्षिणेकडे कलून सरळ रेघ ओढली तर साधारण पंचवीस किलोमीटरवर, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात, 80 अंश पूर्व रेखांश आणि 20 अंश उत्तर अक्षांश एकमेकांना छेदतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीत हा बिंदू म्हणजे मोठा चौक आहे. 55, 56, 64 आणि 65 या चार क्रमांकांच्या नकाशांचे कोपरे इथेच भिडतात. सावली 55 पी/16 या शीटवर आहे. तिथून दक्षिणेला थोडे उतरले की 56 क्रमांकाचा नकाशा लागतो आणि गडचिरोलीच्या पूर्वेकडचे जंगल 64 वर जाते. या भागात कागदी नकाशा घेऊन हिंडणाऱ्याला शीट जोडायला शिकावेच लागते.

शीट म्हणजे 1:50,000 प्रमाणाचे टोपोशीट, अर्थात भूरूपदर्शक नकाशा. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना या नकाशावरच्या समोच्च रेषा लगेच बोलू लागतात, कारण तिथे डोंगर, सोंड आणि खिंड कागदावरही ठसठशीत उमटतात. सावलीच्या बाजूला तसे नाही. दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असेल, तर या सपाट झाडीपट्टीत कितीतरी वेळ चालूनही एकही रेषा ओलांडली जात नाही. इथे वाट सापडते ती पाण्याच्या आधाराने. नाला कुठे वळतो, तलावाची पाळ कोणत्या दिशेला आहे, बोडी, म्हणजे लहान तळे, गावाच्या कोणत्या अंगाला आहे, हे पाहत माणूस पुढे सरकतो. बांबू आणि सागाच्या रानात पन्नास पावलांपलीकडचे दिसत नसते, तेव्हा नाल्याचे एक ओळखीचे वळणही मोठा आधार देते.

मात्र शीट हातात घेतल्यावर आधी समासात पाहावे. सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले ते तिथे छापलेले असते. ब्रिटिशकाळातला आसोलामेंढा तलाव जुन्या शीटवर असतो, पण त्याला येऊन मिळणारा गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा नसतो. गोसीखुर्दची पायाभरणीच 1988 सालची. जंगलातल्या जाळरेषाही फसवतात. वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला तो पट्टा नवख्याला रुळलेली वाट वाटतो आणि त्याला भलतीकडेच नेतो.

मग फोन आहेच की, असे कुणीही म्हणेल. ते निम्मे खरे आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत संकेत सोडत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की त्याला आपली जागा कळते. त्यासाठी टॉवर, सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. एअरप्लेन मोडवर ठेवलेला फोनही जागा सांगू शकतो, आणि जंगलात तो तसाच ठेवलेला बरा. नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा लागतो, नाहीतर पडद्यावर कोऱ्या जागेत एक निळा ठिपका तेवढा उरतो. सर्वेक्षण विभागाने आपल्या ऑनलाइन पोर्टलवर खुल्या मालिकेतली शीट मोफत उपलब्ध करून दिली आहेत. ती छापून घेतली की फोन आणि कागद एकमेकांना तपासू शकतात.

त्यात एक मेख आहे. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या एका गणिती आकारावर, मोजलेले आहेत, फोन मोजतो डब्ल्यूजीएस 84 या दुसऱ्या आकारावर. तोच आकडा दोन्हीकडे घेतला तर या भागात शे-दोनशे मीटरचा फरक पडतो. नाल्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे चुकायला तेवढे पुरते. खुल्या मालिकेतल्या नव्या शीटवर हा घोळ नाही. जुन्या नकाशाची मोजणी मात्र विदर्भाला अगदी जवळची आहे. 1802 मध्ये महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले आणि त्या गोलाभाला त्यांचेच नाव मिळाले.

इथल्या लोकांना जंगलात हौसेने वाट शोधायची नसते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकाला पायी फिरताच येत नाही, आणि राखीव जंगलात शिरायचे तर आधी वनविभागाला विचारावे लागते. रोज पायी आत जातात ते वनरक्षक, वनमजूर, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी माणसे. वाघाच्या हल्ल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात गावाच्या नावाशेजारी कक्ष क्रमांक असतो. वनविभागाच्या नकाशावर तीच त्या जागेची ओळख.

20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन मजुरांसह व्याघ्रगणनेसाठी खुणांची पाहणी करत पायी निघाली होती. सुमारे दोनशे मीटरवर वाघीण दिसली. सगळे थांबले, तिच्या जाण्याची वाट पाहिली, मग दाट झाडीतून वळसा घालून पुढे निघाले. वाघिणीने मागून येऊन हल्ला केला आणि त्या वनरक्षकाचा जीव गेला. त्यानंतर ताडोबातली पायी पाहणी काही काळ थांबवण्यात आली. गणनेच्या चालीत एम-स्ट्राइप्स हे ॲप चाललेल्या वाटेची बारीक नोंद ठेवते. पण वाघीण वाटेवर बसली असेल तर वळसा कुठून घ्यायचा आणि किती वेळ थांबायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

जागा कळणे आणि ती दुसऱ्याला कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशात गिर्यारोहक खिशात मावणारे उपग्रह संदेशयंत्र बाळगतात. त्यातले बरेच लोकप्रिय प्रकार इरिडियम या कंपनीच्या जाळ्यावर चालतात. सुमारे 780 किलोमीटर उंचीवर फिरणारे 66 उपग्रह त्यांचा संदेश पुढे पोचवतात. टॉवर नसलेल्या रानातून ‘पाय मोडला आहे, इथे या’ असे कळवता येते. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र जवळ ठेवता येत नाही. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तार कायदा यांच्या आधारे ही बंदी आली. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता, त्यानंतर यंत्रणा अधिकच दक्ष झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेने असे यंत्र तपासणीच्या ट्रेमध्ये उघडपणे ठेवले आणि तिला ताब्यात घेतले गेले. परदेशातल्या नातेवाइकाने भेट म्हणून पाठवले तरी ते इथे चालू करू नये. नुसता संकेत ऐकणारा फोन किंवा घड्याळ याला ही बंदी लागू नाही.

बंदीचे कारण समजण्यासारखे आहे, आणि माओवादी चळवळीची झळ सोसलेल्या गडचिरोलीत तर अधिकच. तरी अडचण उरतेच. पर्लकोटा नदीला पूर आला की याच जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता तुटतो. रानात टॉवरपासून दूर पडलेल्या माणसाला आजही कुणीतरी शोधत येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून निघताना जंगलाच्या कोणत्या बीटात, कोणत्या नाल्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे गावात सांगून जाण्याची जुनी रीत अजून मोलाची आहे. शीटची एक छापील प्रत मागे गावात ठेवली आणि तिच्यावर पेन्सिलीने वाट आखून दिली, तर शोधायला निघालेल्यांचे तास वाचतात.

समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी इस्रोने संकटसूचक यंत्र तयार केले आहे. बोटीवरून बटण दाबले की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला बोटीची जागा कळते, आणि नव्या पिढीच्या यंत्रात संदेश पोचल्याची पावतीही बोटीवर परत येते. ते सरकारी यंत्रणेच्या नोंदीत असते, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्नही सुटतो. तशीच नोंदणीकृत यंत्रे वनरक्षकांच्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या टोळ्यांच्या हाती द्यायला हवीत. सुरुवात पावसाळ्यात तुटणाऱ्या भामरागडपासून आणि वाघ-माणूस संघर्षाने होरपळलेल्या सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांपासून करता येईल.